पोथी, माशी आणि वंशवृक्ष

सदाशिव पेठेत वंशावळीविषयी बोलणे जोखमीचे आहे. याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुने कागद पारखीत आले आहे. तरीही आज आम्ही एका माशीच्या जनुकांची वंशावळ मांडणार आहो. ती समजावी म्हणून आधी पोथ्यांकडे वळू.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पुरी केली. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, तर दोन्ही एकाच प्रतीवरून उतरल्या, असा साधा नियम. परंतु लेखनिक दुसऱ्या पोथीतले पाठही आपल्या पोथीत घेत. या सरमिसळीने पोथ्यांचा वंशवृक्ष मांडणे किती अवघड होते, हे संपादक सुकथनकर यांनी १९३३ च्या प्रस्तावनेत सांगितले आहे.

पेशीतही असेच घडते. एका जनुकाच्या कधी दोन प्रती होतात. पुढे डीएनएचा धागा तुटला, तर पेशी तो सांधताना शेजारच्या सारख्या प्रतीवरून मजकूर उतरवून घेते. देणाऱ्या प्रतीचे काही जात नाही. घेणारी मात्र तिच्यासारखी होते. हेच जनुक-परिवर्तन.

पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारी ड्रॉसोफिला माशी घ्या. उष्णतेचा तडाखा बसला की पेशीचे रक्षण करणारे एचएसपी-७० हे जनुक तिच्या गुणसूत्रावर एके ठिकाणी जोडीने, उलट दिशांना तोंड करून असते. जवळच्या सिम्युलन्स जातीतही तशीच जोडी आहे. म्हणजे जोडी जाती वेगळ्या होण्यापूर्वीची. मग प्रत्येक प्रत दुसऱ्या जातीतल्या आपल्या जोडीदार प्रतीशी अधिक जुळावयास हवी. प्रत्यक्षात एकाच माशीतील दोन प्रती एकमेकींशी अधिक जुळतात. केवळ अक्षरे मोजून वृक्ष काढला, तर तो सांगतो की प्रत्येक जातीत जोडी स्वतंत्रपणे, नुकतीच जन्मली. वृक्ष खोटी साक्ष देतो!

यावर उपाय आहे. जनुकाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा वृक्ष काढावा, लगतचा मजकूर व जागाही पाहावी. तुकड्यांचे वृक्ष जुळले नाहीत, तर मध्ये नक्कल झाली असावी असा संशय घ्यावा.

आम्ही कामगारांचे अर्ज आयुष्यभर वाचले. दोन अर्जांत एकच चूक दिसली, म्हणून अर्जदार भाऊ ठरत नाहीत; एकाने दुसऱ्याचा अर्ज उतरवलेला असतो. साम्य दिसले की नाते जोडण्याआधी एवढे विचारावे: हे वारशाने आले, की शेजाऱ्याकडून?