कोडिंग येतं, मग सॉफ्ट स्किल्स कशाला?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी संगणक शाखेचे विद्यार्थी सहसा तीन-चार जणांच्या गटात प्रकल्प करतात. अनेकदा एक जण सगळा कोड लिहितो, दुसरा अहवाल, तिसरा पीपीटी. चौथ्याचं फक्त नाव लागतं. गुण सगळ्यांना मिळतात. पण मुलाखतीत ‘गटात मतभेद झाले तेव्हा काय केलं?’ असं विचारलं की गाडी अडते.

सॉफ्ट स्किल्स म्हणजे नेमकं काय?

फाडफाड इंग्रजी म्हणजे सॉफ्ट स्किल्स, हा गैरसमज आहे. सॉफ्टवेअरच्या कामात त्यांचा अर्थ साधा आहे: अडलं की वेळेवर विचारणं, समोरच्याचं ऐकून घेणं, ठरलेलं लिहून ठेवणं आणि स्वतःची चूक लपवून न ठेवणं.

संवाद फसला तर काय होतं?

नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचताच गमावलं गेलं. एका गटाच्या सॉफ्टवेअरने आकडे पौंडाच्या एककात दिले. दुसऱ्या गटाने ते न्यूटनच्या एककात आहेत असं धरलं. काहीतरी चुकतंय, अशी शंका काहींना आधीच आली होती. पण ती रीतसर नोंदवली गेली नाही. चौकशी मंडळाने गटांमधल्या अपुऱ्या संवादावरही बोट ठेवलं.

गट मोठा झाला की हा धोका वाढतो. चार जणांत संवादाच्या ६ जोड्या होतात, दहा जणांत ४५.

हे शिकवायचं कसं?

एखाद्या व्याख्यानाने हे साधत नाही. प्रकल्पाची पद्धत बदलली, तर बरंच काही त्यातच शिकता येतं.

- दर पंधरवड्याला कामांची अदलाबदल करावी.
- प्रत्येकाचा कोड दुसऱ्याने तपासावा. शेरा कोडवर असावा, माणसावर नाही. ‘तुला जमत नाही’ऐवजी ‘नाव रिकामं सोडलं तर हे बंद पडतं’ असं लिहावं.
- अर्धा तास प्रयत्न करूनही अडलं, तर काय करायचं होतं, काय केलं आणि काय झालं, हे सांगून मदत मागावी.
- बैठकीनंतर काय ठरलं, कोण करणार आणि कधीपर्यंत, हे तीन ओळींत लिहावं.
- तयार सॉफ्टवेअर ग्रंथपालांसारख्या प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना द्यावं. ते कुठे अडखळतात, हे मध्ये न बोलता पाहावं.

या कामांना थोडे गुण राखून ठेवले नाहीत, तर ती कागदावरच राहतात. चर्चा मराठीत झाली तरी हरकत नाही. इंग्रजीचा सराव वेगळा करता येतो. लेखी शेऱ्यांमुळे बुजऱ्या विद्यार्थ्यांनाही मत मांडायला जागा मिळते.

असं वर्षभर काम केलेल्या विद्यार्थ्याला मुलाखतीत मतभेदांबद्दल विचारलं, तर त्याच्याकडे सांगायला खरा प्रसंग असतो.