गरम पाण्याचा तलाव केवढा हवा?

उत्तर डेन्मार्कमधील द्रोनिंगलुंड गावात अनेक घरांना ऊब मिळते ती एका केंद्रातून, जमिनीखालच्या नळांतून येणाऱ्या गरम पाण्याने. यातले बरेचसे पाणी सूर्य तापवतो. पण ऊन उन्हाळ्यात आणि गरज हिवाळ्यात! म्हणून २०१४ साली खडीच्या जुन्या खाणीत ६०,००० घनमीटरचा तलाव तयार झाला. आत प्लास्टिकचे अस्तर, वर तरंगते उष्णतारोधक झाकण.

असा तलाव केवढा असावा, हे आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो, तेव्हा ते गावाची गरज विचारतात आणि थेट घनमीटरवर येतात. मधली पायरी राहून जाते.

एक किलो पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे हा तलाव एक अंशाने निवला की सुमारे ७०,००० युनिट उष्णता मिळते. (एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल.) समजा, पाणी ८५ अंशांवरून १० अंशांपर्यंत निववता आले, तर साडेबावन्न लाख युनिट हाती येतील. पण घरांतून परतणारे पाणीच ४० अंशांचे असेल, तर तलाव त्याखाली निवणार कसा? मग साडेएकतीस लाखच! खड्डा तोच, खर्च तोच, पण दोन पंचमांश उष्णता आत अडकलेली. द्रोनिंगलुंडमध्ये ती उपसायला उष्णता-पंप जोडला आहे. घरातल्या रेडिएटरने पाणी नीट निववणे हा त्याहून स्वस्त उपाय, असे आमचे मत.

दुसरा प्रश्न, साठा वर्षातून किती वेळा रिकामा होतो? ३,००० घनमीटरची टाकी २०० वेळा भरली-उपसली, तर सहा लाख घनमीटर पाणी कामी येते. हंगामी तलाव मात्र जेमतेम एक-दोनदाच उपसला जातो. म्हणून तो स्वस्तच हवा. पोलादी टाकी इथे परवडत नाही, खड्डा परवडतो.

पण सहा महिन्यांत पाणी गार होणार नाही का? एक मीटर बाजूच्या घनाला एका घनमीटरमागे ६ चौरस मीटर पृष्ठभाग असतो, ४० मीटर बाजूच्या घनाला फक्त ०.१५. उष्णता निसटते पृष्ठभागातून आणि साठते आकारमानात. वर्गात एक पेला व एक मोठे पातेले एकाच तापमानाच्या गरम पाण्याने भरा, दोन्हींवर झाकण ठेवा आणि दर दहा मिनिटांनी तापमापी बुडवून नोंदी घ्या.