दमलेला कॉम्प्युटर आणि तीन तासांची फ्लॉपी

मुलांनो, एक गंमत करून पाहा. वही घ्या आणि मराठीच्या पुस्तकातला एखादा उतारा शुद्धलेखनासाठी उतरवायला बसा. उतरवता उतरवता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. काय झालं? सतरा चोक अडुसष्टपाशी हात थांबला ना? नाही तर हात चालू राहिला आणि पाढा अडकला!

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर गेम खेळताना त्याचं रेकॉर्डिंग सुरू केलं, की त्याची अश्शीच फजिती होते. एरवी गेममधली गाडी कशी सुसाट पळते. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की तीच गाडी खड्ड्यांतून चालल्यासारखी गचके खाते. मग घरात धोशा सुरू, "बाबा, नवीन कॉम्प्युटर घ्या ना!" थांबा. बाबांच्या खिशाला हात घालण्याआधी त्या बिचाऱ्या यंत्रावर ओझं कसलं पडतं, ते तरी पाहू या.

थोडं गणित करू. पडद्यावरचं चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. रुंदीत १२८० आणि उंचीत ७२० ठिपके धरले, तर एकूण ९,२१,६०० ठिपके होतात. एका ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला ३ बाइट लागतात, म्हणजे एका चित्राला २७,६४,८०० बाइट. चित्र हलतं दिसायला सेकंदाला अशी ३० चित्रं हवीत. गुणाकार तुम्हीच करा. उत्तर सव्वाआठ कोटींच्या पुढे येईल! एवढं सगळं दर सेकंदाला लिहायचं म्हटल्यावर जुन्या हार्ड डिस्कला धाप लागणारच.

म्हणून कॉम्प्युटर हा पसारा आवळून लहान करतो. आवळणाऱ्याचं नाव एन्कोडर. हा मोठा हुशार कारकून. मागच्या चित्रात निळं आकाश होतं आणि या चित्रातही तेच आहे, मग पुन्हा कशाला लिहा? जे बदललं तेवढंच तो लिहितो. पण काय बदललं हे कळायला चित्रं ताडून पाहावी लागतात, तीही सेकंदाला तीस वेळा. आणि हे काम ज्या प्रोसेसरच्या गळ्यात पडतं, तोच बिचारा गेमही चालवत असतो. झालं की नाही शुद्धलेखन आणि सतराचा पाढा?

या अडचणीवर एक नामी युक्ती तीस वर्षांपूर्वीच निघाली होती. अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' नावाचा गेम काढला. (गेम मारामारीचा आणि रक्तपाताचा आहे. लहान मुलांनी तो खेळावा असं मी मुळीच म्हणणार नाही. युक्ती तेवढी घ्या!) त्या वेळचे कॉम्प्युटर आजच्या साध्या मोबाइलपुढेही दुबळे. डूमचं चित्र अवघं ३२० गुणिले २०० ठिपक्यांचं, ठिपक्याला १ बाइट. सेकंदाला ३५ चित्रं धरली तर झाले २२,४०,००० बाइट. आणि तेव्हाच्या फ्लॉपीत मावत १४,७४,५६० बाइट. म्हणजे अख्ख्या फ्लॉपीत एका सेकंदाचाही खेळ मावला नसता!

तरीही डूमचे खेळाडू आपापले खेळ रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवत. कसे बरं?

बुद्धिबळ आठवा. विश्वनाथन आनंदचा डाव वर्तमानपत्रात कसा छापतात? पटाचे शंभर फोटो कुणी छापत नाही. छापतात त्या चाली. आपण घरी पट मांडायचा, त्या चाली एकेक करून खेळायच्या, की आनंदचा डाव जसाच्या तसा आपल्यापुढे उभा!

डूमने हेच केलं. चित्रं टिपलीच नाहीत, खेळाडूच्या चाली टिपल्या. एका सेकंदाचे ३५ भाग केले आणि प्रत्येक भागासाठी फक्त ४ बाइट ठेवले. पुढे गेला की मागे, बाजूला किती सरकला, कुठे वळला आणि कोणतं बटण दाबलं, एवढंच त्यात लिहायचं. मिनिटाला ८,४०० बाइट पुरे! पाहणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरचा गेम त्याच चाली घेऊन सगळा खेळ नव्याने रंगवतो. ज्या फ्लॉपीत एका सेकंदाची चित्रं मावत नव्हती, तिच्यात आता जवळजवळ तीन तासांचा खेळ मावतो.

तुम्ही म्हणाल, "पण बाई, गेममधले शत्रू तर कधी इकडे पळतात, कधी तिकडे. मग खेळ पुन्हा तसाच कसा होईल?" शाब्बास, प्रश्न बरोबर आहे. पण डूममधलं नशीबही आधीच लिहिलेलं आहे! त्यात २५६ आकड्यांची एक ठरलेली यादी आहे. फासे आधीच टाकून दानं लिहून ठेवावीत, तशी. सुरुवात तीच आणि चाली त्याच असल्या, की दानंही त्याच क्रमाने पडतात. मात्र गेमची आवृत्ती वेगळी असली तर सगळा घोटाळा होतो. खेळाडू दार सोडून भिंतीलाच धडका देत बसतो!

ही युक्ती पुढे पुष्कळ गेमनी उचलली. १९९९ च्या 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये खेळ सुरू करण्याआधीच 'रेकॉर्ड गेम'ची खूण करता येते. म्हणून आधी तुमच्या गेममध्ये 'रिप्ले'ची सोय आहे का ते शोधा. असेल तर निवांत खेळा आणि व्हिडिओ नंतर रिप्ले लावून करा. गचके आले तरी बिघडत नाही, रिप्ले पुन्हा लावता येतो. तुमचा जिंकलेला डाव कुठे जात नाही.

रिप्ले नसेल तर ओझं कमी करायचं. गेममधल्या सावल्या आणि चकचकाट उतरवा, इंटरनेटच्या उघड्या खिडक्या बंद करा, सेकंदाला ६० ऐवजी ३० च चित्रं घ्या. 'ओबीएस स्टुडिओ' हा फुकट मिळणारा प्रोग्राम आई-बाबांच्या मदतीने बसवा आणि त्याच्या सेटिंगमध्ये एन्कोडरची यादी उघडा. इंटेलच्या २०११ पासूनच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये 'क्विक सिंक' नावाचा वेगळा कारकून बसवलेला असतो. चित्रं आवळण्याचं काम त्याच्याकडे गेलं, की मुख्य प्रोसेसर गेमसाठी मोकळा. यादीत त्याचं नाव दिसलं तर तोच निवडा. कित्येकांच्या घरी हा कारकून वर्षानुवर्षं रिकामा बसून असतो, आणि मागणी मात्र नव्या कॉम्प्युटरची!

आपल्याकडे वीज सांगून जात नाही. म्हणून फाइल 'एमकेव्ही' प्रकारात ठेवा. मध्येच दिवे गेले तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं. साधी 'एमपी ४' फाइल अर्धवट राहिली तर बहुधा उघडतच नाही. आणि आधी एकच मिनिटाचं रेकॉर्डिंग करून पाहा.

हे सारं करूनही गचके आलेच, तर आईचा मोबाइल मागून घ्या. चार जाड पुस्तकांच्या थप्पीला तो पडद्यासमोर टेकवून ठेवा, काचेत चमकणारी ट्यूबलाइट बंद करा आणि पडद्याचंच शूटिंग करा. चित्र थोडं फिकं येईल, पण कॉम्प्युटरवर कणभरही भार नाही. फक्त मोबाइल विमान मोडवर टाकायला विसरू नका, नाही तर ऐन शेवटच्या फेरीत आत्याचा फोन यायचा!