पासवर्डांचा जुडगा उघडत नाही तेव्हा

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेणारी घरे आता आपल्या मोहल्ल्यांतही दिसू लागली आहेत. विंडोज त्या यंत्राला पेलवत नाही, नवे यंत्र परवडत नाही, आणि उबंटू किंवा मिंट फुकट मिळते. काम छान चालते. मग एके दिवशी लॅपटॉप सुरू करताच पडद्यावर चौकट येते: तुमचा लॉगिनचा पासवर्ड आणि कीरिंगचा पासवर्ड जुळत नाही. घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. ही कीरिंग म्हणजे काय, हेच कुणाला ठाऊक नसते.

कीरिंग म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. क्रोमसारखा ब्राउझर, ई-मेलचा प्रोग्राम, कधी वायफायसुद्धा आपले पासवर्ड किंवा त्यांचे कुलूप उघडणारी किल्ली या जुडग्याकडे अमानत ठेवतात. ग्नोम-कीरिंग नावाचा प्रोग्राम पडद्यामागे बसून तो जुडगा सांभाळतो. आपण लॉगिन करताना जो पासवर्ड टाकतो, तोच त्याच्या कानावर घातला जातो आणि तो आपोआप उघडतो. म्हणून एरवी त्याचे अस्तित्वही जाणवत नाही. (फायरफॉक्स मात्र आपले पासवर्ड स्वतःजवळच ठेवतो, या भानगडीत पडत नाही.)

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. थोरला मुलगा लॅपटॉप तयार करून देऊन कुवेतला नोकरीला गेला. मागे कुणालाच पासवर्ड आठवेना, तेव्हा दुरुस्तीवाल्याने रिकव्हरीत शिरून लॉगिनचा नवा पासवर्ड बसवला. लॅपटॉप उघडला, पण जुडगा जुन्याच पासवर्डावर अडून बसला. धाकट्या बहिणीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला दोनच दिवस उरले होते. संकेतस्थळाचा पासवर्ड क्रोममध्ये, आणि तो बदलायचा तर ओटीपी जाणार भावाच्या बंद पडलेल्या नंबरावर. दुरुस्तीवाला म्हणाला, कीरिंगची फाइल उडवून टाका, चौकट येणार नाही. चौकट आली नसती हे खरे, पण क्रोमची किल्लीही त्याच फाइलीत होती. ती गेली असती तर आत ठेवलेले सगळे पासवर्ड कायमचे बंद झाले असते. आम्ही म्हटले, आधी भाईजानला फोन लावा. त्याने आठवून आठवून तीन पासवर्ड सांगितले, तिसरा लागला. मग ‘पासवर्ड्स अँड कीज’ या प्रोग्रामात ‘लॉगिन’ नावाच्या जुडग्यावर माउसचे उजवे बटण दाबून त्याचा पासवर्ड नव्या लॉगिनसारखाच करून घेतला. अर्ज वेळेत गेला.

आपण स्वतः सेटिंग्जमधून पासवर्ड बदलला तर जुडग्याचाही सहसा सोबतच बदलतो. दुसऱ्याने वरून बदलला तर मात्र नाही. कारण जुना पासवर्ड माहीत नसताना तो उघडला असता, तर कुलपाला अर्थ काय?

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे आपोआप लॉगिन. घरात सोय म्हणून अनेक जण ते चालू ठेवतात. पासवर्ड टाकलाच जात नाही, म्हणून जुडगा बंद राहतो आणि पहिल्यांदा क्रोम उघडताच विचारणा होते. बोटाच्या ठशाने लॉगिन केले तरी तेच. काही लोक जुडग्याचा पासवर्ड रिकामा ठेवण्याचा सल्ला देतात. त्याने विचारणा थांबते, पण आतले पासवर्ड मग उघडेच पडतात. ज्या यंत्रावर बँकेचे काम होते तिथे आम्ही हे करू देणार नाही. आपोआप लॉगिन बंद करणे बरे.

उर्दू-मराठी दोन्ही लिहिणाऱ्या घरांनी आणखी एक गोष्ट तपासावी. कळफलक उर्दूवर किंवा मराठीवर राहिला असेल तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे कळतही नाही. आधी वरच्या पट्टीत भाषा पाहावी.

कधी चौकटच येत नाही आणि क्रोम दर वेळी सगळे पासवर्ड विसरतो. तेव्हा जुडगा सांभाळणारा प्रोग्राम सुरूच झालेला नसण्याची शक्यता असते. सिस्टिम मॉनिटर उघडून ‘ग्नोम-कीरिंग-डेमन’ दिसतो का ते पाहावे (तिथे नाव अर्थातच इंग्रजीत असते). आय-थ्रीसारखा हलका डेस्कटॉप घेतला असेल तर तो प्रोग्राम कधीकधी आपोआप सुरू होत नाही. तेव्हा लॉगिनच्या पॅम व्यवस्थेत त्याची नोंद घालावी लागू शकते, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण तिथे चूक झाली तर लॉगिनच बंद पडू शकते. कीपासएक्ससी वापरणाऱ्यांनी त्यातली ‘सीक्रेट सर्व्हिस’ची खूण पाहावी. एका दारावर दोन चौकीदार राहू शकत नाहीत. डिस्क गच्च भरली असेल, किंवा कुणी सुडो लावून काम करताना घरच्या फोल्डरातल्या फाइलींची मालकी रूटकडे गेली असेल, तरीही हा प्रोग्राम अडतो.

आणि जुना पासवर्ड कुणालाच आठवला नाही तर? घरच्या फोल्डरात लपवलेल्या फाइली दाखवायला सांगावे, ‘डॉट लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘कीरिंग्ज’ असे जावे. तिथल्या ‘लॉगिन डॉट कीरिंग’ फाइलीचे फक्त नाव बदलावे, पुसू नये. बाहेर पडून पासवर्ड टाकून पुन्हा लॉगिन केले की नवा, रिकामा जुडगा तयार होतो. महिन्याभराने भाईजानला पासवर्ड आठवला, तर जुनी फाइल जागेवर असेल.