स्त्रीराज्यांतील बंदी

ज्याच्या मंत्रापुढें देवांचीं अस्त्रें लटकीं पडलीं, तो मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यांत अडकतो, ही कथा मालू कवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या १८१९ सालच्या ग्रंथानें घरोघरीं पोंचविली. मारुतीच्या भुभुःकारानें त्या राज्यांत पुरुषगर्भ तगत नाहीं, अशी समजूत. राणी मैनाकिनी नाथाला बेड्या घालीत नाहीं. राज्यवैभव आणि मीननाथ हा पुत्र यांतच तो आपण होऊन रमतो. गोरखनाथ कलिंगा नायकिणीच्या ताफ्यांत मृदंग वाजवीत येऊन गुरूला सोडवितो खरा, पण परतीच्या वाटेवर गुरूच्या झोळींत सोन्याची वीट निघते! बेडी कसली होती, तें येथें उमगतें. १९३२ सालीं प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’ बोलपटांत दुर्गा खोटे राणी झाल्या.

सत्ता बायकांच्या हातीं गेली कीं पुरुष बुडाला, ही या कथेमागील धास्ती. वर्धा जिल्ह्यांत धाम नदीकाठीं पवनार येथें विनोबांनीं १९५९ सालीं भगिनींसाठीं ब्रह्मविद्या मंदिर स्थापिलें. तेथें राणी कोणीच नाहीं. निर्णय सर्वानुमतें होतात, शेतीचीं व स्वयंपाकाचीं कामें भगिनीच करतात. मोजके पुरुषहि तेथें राहत आले. त्यांना सोडविण्यास कोणा गोरखाला मृदंग घेऊन यावें लागलें नाहीं.