बी.एड.चा हिशेब: फी किती, पगार कधी?

कराड तालुक्यात शिक्षकी पेशाला मान आहे आणि त्याला इतिहासही आहे. याच तालुक्यातल्या काले गावात 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे 1935 मध्ये खेड्यांसाठी शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज त्यांनी साताऱ्यात सुरू केले. आजही उंब्रज, मसूर, चरेगाव या भागातल्या घरांत पोराचे किंवा पोरीचे बी.ए., बी.एस्सी. झाले की पहिला सल्ला मिळतो: ‘बी.एड. करून टाक.’ सल्ला मायेचा असतो, पण त्यामागची माहिती बरेचदा वीस वर्षांपूर्वीची असते. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी ही माहिती दुरुस्त करून घ्यायला हवी.

गैरसमज 1: बी.एड. झाले की नोकरी पक्की.

वस्तुस्थिती: बी.एड. ही पात्रतेची पहिली पायरी आहे. पहिली ते आठवीला शिकवण्यासाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी लागते. तिथे 150 पैकी 90 गुण मिळवावे लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. केंद्राची सीटीईटीही चालते. त्यानंतर येते टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ती 200 गुणांची असते आणि भरतीची गुणवत्ता यादी तिच्यावर लागते. टीईटी पास होणे पुरेसे असते, टेटमध्ये मात्र दुसऱ्यांच्या पुढे जावे लागते. शिवाय टेट दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर 2017 मध्ये झाली, दुसरी थेट फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये आणि तिसरी मे-जून 2025 मध्ये. पहिल्या दोन परीक्षांमध्ये पाच वर्षांहून अधिक काळ गेला. एवढी वर्षे घर कशावर चालणार, हा प्रश्न प्रवेश घेतानाच विचारायचा असतो.

गैरसमज 2: बी.एड.वर कोणत्याही वर्गाला शिकवता येते.

वस्तुस्थिती: 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता ठरत नाही. तिथे बारावीनंतरचे दोन वर्षांचे डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचे डी.एड. लागते. सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. किंवा डी.एल.एड. आणि टीईटीचा दुसरा पेपर हवा. नववी-दहावीला पदवी व बी.एड., तर अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. म्हणून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लहान मुलांना शिकवायचे ज्याच्या मनात आहे, त्याने बी.एड.वर दोन वर्षे घालवण्यात अर्थ नाही.

गैरसमज 3: खर्च म्हणजे कॉलेजची फी.

वस्तुस्थिती: 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि खरा खर्च या दोन वर्षांचा आहे. समजुतीसाठी आकडे धरू. प्रत्येकाने आपले घालावेत. फी वर्षाला 40,000 धरली तर दोन वर्षांचे 80,000. बी.एड. करणारा मुलगा या काळात महिना 12,000 मिळवू शकला असता, तर बुडालेली कमाई 2,88,000. एकूण 3,68,000. फीच्या साडेचार पटींहून जास्त.

फी कमी करण्याचे मार्गही आहेत. विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यावर डोनेशन घेणे बेकायदा आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन झालेला असावा लागतो. सीईटी टाळून परस्पर प्रवेश घेतला की ही सवलत हातची जाते.

गैरसमज 4: नोकरी लागली की पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार.

वस्तुस्थिती: पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी 2023 पासून हे मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. त्यानंतर माध्यमिक शिक्षकाचे मूळ वेतन 38,600 पासून सुरू होते आणि त्यावर भत्ते मिळतात.

वरचाच हिशेब पुढे नेऊ. 12,000 ऐवजी 18,000 मिळाले, तर तीन वर्षांत जास्तीचे 2,16,000 हाती येतात. म्हणजे सेवकपद संपतानाही 1,52,000 ची तूट उरते. मूळ वेतनच धरले तरी ती पुढच्या सहा महिन्यांत भरून निघते. बी.एड. संपताच नोकरी लागली, तर हा सौदा उत्तम आहे. पण चार वर्षे खासगी शाळेत 7,000 वर काढली, तर महिना 5,000 प्रमाणे आणखी 2,40,000 तुटीत जमा होतात. हिशेब फिरतो तो या थांबण्यामुळे.

गैरसमज 5: संस्थेत पैसे भरले की चिकटता येते.

वस्तुस्थिती: अनुदानित शाळांची भरती आता राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते. संस्थेने मुलाखतीचा पर्याय घेतला तरी उमेदवारांची नावे पोर्टलवरूनच येतात. 2025 मध्ये नागपूर विभागात पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडी बोगस बनवल्याच्या प्रकरणात गुन्हे दाखल झाले आणि अटकही झाली. रान विकून दिलेल्या पैशाची पावती मिळत नाही आणि नियुक्तीची मान्यता रद्द झाली तर पगारही थांबतो. अशा व्यवहारात घरातल्या कोणीही पडू नये.

गैरसमज 6: मग बी.एड.ला आता काहीच किंमत नाही.

वस्तुस्थिती: हेही तितकेच चुकीचे आहे. केंद्रीय विद्यालय आणि नवोदय विद्यालयातल्या सहावी ते दहावीच्या शिक्षकपदांसाठी बी.एड. आणि सीटीईटी लागते, तिथे देशभर अर्ज करता येतो. राज्यातल्या जागा मात्र शाळेच्या पटावर, त्यानुसार पदे मंजूर करणाऱ्या संचमान्यतेवर, विषयावर आणि आरक्षणाच्या बिंदुनामावलीवर ठरतात. म्हणून ‘किती जागा निघाल्या’ हे विचारून भागत नाही. माझ्या विषयाच्या आणि माझ्या प्रवर्गाच्या किती, हे विचारावे. मागच्या भरतीची जिल्हावार यादी आणि निवड झालेल्यांचे गुण पाहिले की अंदाज येतो.

ज्याला शिकवण्याची ओढ आहे, त्याने बी.एड. जरूर करावे, खेड्यातल्या शाळांना अशाच माणसांची गरज आहे. मात्र सीईटीतूनच प्रवेश घ्यावा, पहिल्या वर्षापासून टीईटीचा अभ्यास करावा आणि टेटची वाट किती वर्षे पाहायची ते घरात बसून आधी ठरवावे. त्या मुदतीत चालेल असे दुसरे कामही हाताशी ठेवावे. आणि केवळ ‘रिकामे बसण्यापेक्षा बरे’ म्हणून जो प्रवेश घेतो आहे, त्याने ती दोन वर्षे दुसऱ्या कामाला द्यावीत.