आधी मीटर की आधी फूट

एका संग्राहकाने दोन घड्याळांचे फोटो शेजारी ठेवून दाखवले. दोन्ही रोलेक्सची 1680 क्रमांकाची सबमरिनर, दोन्हींचा डायल काळा, दोन्हींवर मॉडेलचं नाव लाल अक्षरात. एकावर पाण्याची खोली आधी 200 मीटर आणि मग 660 फूट अशी छापलेली, दुसऱ्यावर आधी फूट आणि मग मीटर. हा क्रम कोणता, यावर किंमत हलते हे ऐकल्यावर मला राहवेना. डायल बघून त्याचा काळ आणि खरेपणा ओळखणारे एक काका गिरगावात बसतात, त्यांच्याकडे गेलो.

जिना चढतानाच पेट्रोलचा वास येतो. घड्याळाचं मशीन धुवायला ते अजून पेट्रोलच वापरतात. खिडकीजवळ टेबल, त्यावर पांढरा कागद, डोळ्याला आयग्लास. नव्वदच्या आधीची काही वर्षं काकांनी मुंबईतच डायल रंगवायचं काम केलं. परदेशी घड्याळांच्या आयातीवर बंधनं होती, सुटा डायल मिळणं तर दूरच. ओल शिरून डायल गेला की तो खरवडायचा, रंग मारायचा, अक्षरं पुन्हा छापायची. आज संग्राहक असल्या डायलला नाक मुरडतात. पण हे काम ज्याच्या हातून गेलंय, त्यालाच ते सगळ्यात लवकर दिसतं.

मी बसलो असताना एक तरुण आला. रत्नागिरीकडचा. आजोबा बोटीवर होते, त्यांचं घड्याळ त्याने रुमालातून काढलं. 5513 सबमरिनर. 1962 पासून पुढे जवळपास 1989 पर्यंत हे मॉडेल निघत राहिलं, त्यामुळे एवढ्या वर्षांत त्याचे डायल किती तऱ्हांचे झाले ते विचारू नये. सुरुवातीचे चकचकीत, सोनेरी अक्षरांचे. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मॅट काळे आणि पांढऱ्या अक्षरांचे. त्यांतही आधी मीटर, नंतर फूट. पुढे तासांचे ठिपकेही मोठे झाले.

काकांनी पट्टा सोडवला. सहाच्या बाजूला, पट्टा अडकतो त्या दोन शिंगांच्या मध्ये नंबर असतो. त्यावरून केस साधारण कधीची ते कळतं. सत्तरच्या दशकातली निघाली. मग त्यांनी काच काढली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

डायलमधले हे फरक मुळात झाले कसे, हे त्यांनी मला आधी समजावलं होतं. कोरलेल्या धातूच्या पट्टीतल्या खाचांत शाई भरायची, मऊ गादीने ती उचलायची आणि डायलवर दाबायची. पट्टी झिजली की नवी कोरायची. नव्या पट्टीत एखादं अक्षर केसभर सरकायचं, 6 चं वेटोळं उघडं राहायचं किंवा मिटायचं, रोलेक्सच्या मुकुटचिन्हाची टोकं जाड व्हायची. कंपनीला हे डायल एकसारखेच वाटत होते. संग्राहकांनी नंतर भिंगाखाली धरून त्यांना मार्क वन, मार्क टू अशी नावं दिली. लाल सबमरिनरच्या पहिल्या तीन मार्कांत मीटर आधी, पुढच्यांत फूट आधी. काही मार्कांत लाल अक्षराखाली पांढरा थर असतो आणि कडेला तो डोकावतो. एका कोरक्याच्या हाताची सवय पन्नास वर्षांनी कुणीतरी ओळखतं, याने मी खरोखर भारावून गेलो.

"काका, रेडियम मस्त चमकतं हां," तरुण म्हणाला.

"तेच तर," काका म्हणाले. "बारा वर्षं."

खरं रेडियम डायलवरून साठीच्या दशकाच्या सुरुवातीला गेलं. ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. 1920 च्या दशकात न्यू जर्सीच्या कारखान्यांतल्या मुली ब्रशचं टोक ओठांनी जुळवून ते डायलवर भरत होत्या आणि त्यांपैकी कितीतरी जणी त्यातच गेल्या. घड्याळाकडे बघताना मला त्यांचा विसर पडत नाही. रेडियमच्या जागी ट्रिटियम आलं. सहाच्या दोन्ही बाजूंना 'स्विस' आणि 'टी 25 पेक्षा कमी' अशा अर्थाची खूण छापू लागले. ट्रिटियम बारा वर्षांत निम्मं होतं. बरोबर सांगायचं तर बारा वर्षं आणि चार महिन्यांच्या आसपास. सत्तरच्या दशकातल्या डायलवर ते आता चार वेळा निम्मं झालेलं असणार. म्हणजे सोळावा हिस्सा, कदाचित तेवढाही नाही. काकांनी दिवा घालवला, यूव्ही टॉर्च क्षणभर मारली आणि बंद केली. ठिपके हिरवेगार पेटले आणि पेटलेलेच राहिले. जुना लेप टॉर्च काढताच मंदावतो.

"बारा वर्षं," ते पुन्हा म्हणाले. "याला एवढं तेज असायचं कारणच नाही."

बाकीचं भिंगाखाली मला स्वतःलाच दिसलं. अक्षरांच्या कडा फुगलेल्या. मिनिटांच्या रेघा काही ठिकाणी ठिपक्यांना भिडलेल्या. तळाशी नुसतं 'स्विस', ट्रिटियमची खूणच नाही. ठिपक्यांवरचा लेप तर या छपाईहूनही अलीकडचा, कुणीतरी नंतर भरलेला.

"मुंबईतच रंगवलाय," काका म्हणाले. "आमच्यासारख्याच कुणीतरी."

तरुणाचा चेहरा उतरला. मूळ डायल असता तर घड्याळाला किती आले असते, हे तो घरून बघून आला होता. "आजोबांनी असं का केलं?"

"बोटीवर माणूस वेळ बघणार की मार्क बघणार? पाणी शिरलं असेल, आकडे दिसेनासे झाले असतील. त्यांना घड्याळ वापरायचं होतं."

मला काकांचं म्हणणं पटतं. लिलावाच्या यादीत 'रिडायल' हा शब्द ठपक्यासारखा येतो. मूळ डायल दुर्मीळ, त्याला मान हवाच. पण ज्याने रंगवला त्यानेही फुगीर का होईना, अक्षर हातानेच उतरवलं. हात ओळखण्याचीच ही विद्या असेल, तर त्याचाही हात ओळखून लिहावा, कुठे आणि साधारण कधी रंगवला तेही लिहावं.

तरुणाने विकण्यासाठी चिठ्ठी मागितली. काका लिहू लागले: केस मूळ, मशीन मूळ. "काका, एवढंच पुरे ना?" त्याने हळूच विचारलं. काकांनी मान हलवली आणि खाली तिसरी ओळ लिहिली: डायल मुंबईत रंगवलेला.